पळायचे बूट

राज्य नवं होतं आणि राजधानीही नवी. मंत्र्यांना बंगले वाटून झाले होते, खाती अजून इमारती शोधत होती. नागपूरच्या एका दैनिकाने मला वार्ताहर म्हणून रायपूरला पाठवलं. कार्यालय म्हणजे माझी भाड्याची खोली, एक टेबल आणि फॅक्स. दिवसभर हिंदीत प्रश्न विचारायचे आणि संध्याकाळी मराठीत बातमी लिहायची. मराठी बोलणं फोनपुरतं उरलं होतं.

म्हणून सकाळी रेल्वे वसाहतीच्या मैदानावर जाऊ लागलो. तिथे विदर्भातून आलेले पाच-सहाजण पळायला येत. कुणी रेल्वेत, कुणी सचिवालयात. पळणं झालं की फाटकापाशी चहा, आणि चहा झाला की स्कूटरी सुरू. त्या चहाला वेळेवर पोचायचं, एवढंच मला हवं होतं. ते जमत नव्हतं. माझे कॅनव्हासचे बूट शाळेच्या कवायतीला असत तसे, तळ पुठ्ठ्यासारखा पातळ. दुसऱ्या फेरीतच नडगी दुखू लागे. मी फाटकाशी पोचेपर्यंत टपरीवाला ग्लास विसळत असे.

मागे राहणारा आणखी एकजण होता. गुढियारीत राहणारे रेल्वेचे निवृत्त गार्ड. ते पळतच नसत, हात मागे बांधून चालत.

"काहून लंगडून राहिला गा?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं. मी बूट दाखवले.

"हे बूट हाये? मले वाटलं पायाले पट्टी बांधली."

त्यानंतर रोज मी या काकांबरोबर चालू लागलो. ते गाड्यांबद्दल सांगत, मी ऐकत असे. पुढच्या महिन्याचा पगार झाला तेव्हा तेच म्हणाले, "चाल, मी येतो. एकटा गेला तर दुकानदार तुले फसवीन."

सदर बाजारालगतच्या गल्लीत चपला-बुटांची दुकानं होती. तिथे गेलो तेव्हा संध्याकाळ होती. सकाळी पाय आखडलेला असतो, दिवसभराने पसरतो, पळताना आणखी पसरतो, असं काकांचं म्हणणं. दुकानदाराने सगळ्यात वरच्या फळीवरचा जोड काढला. लाल-पांढरा, टाचेत पारदर्शक खिडकी. मी कचेरीच्या बुटांचा नंबर सांगितला. घातला, बसल्या बसल्या बरा वाटला.

"उभा राय," काका म्हणाले. "बसल्या पायाले काय समजते?"

उभा राहिलो. ते खाली उकिडवे बसले आणि बुटाचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं. आमच्याकडे लहानपणी बूट घेताना घरातलं कुणीतरी हेच करायचं. वाढत्या पायाला अंगठाभर जागा हवी म्हणून. स्वतःचं स्वतःला ते करता येत नाही, वाकलं की पाय आत पुढे सरकतो. कित्येक वर्षांत माझ्या बुटाचं टोक कुणी दाबलं नव्हतं. या जोडात बोटं टोकालाच टेकत होती.

"पहनते-पहनते ढीला हो जाएगा, भैया," दुकानदार मला म्हणाला.

"जब होगा तब होगा," काका खालूनच म्हणाले. "तब तक नाखून कौन देगा, आप?"

एक नंबर मोठा मागवला. तो टाचेला सैल निघाला. तिसरा जोड मधल्या फळीवरचा, करडा, कुणी वळून पाहणार नाही असा. पुढे अंगठाभर जागा, टाच घट्ट, तळ बोटांपाशी वाकत होता आणि मधे कणखर होता. काकांनी मला गल्लीत पळून यायला सांगितलं.

"अरे दादा, मिट्टी लग जाएगी!"

"बूट है कि मिठाई?"

मी स्कूटरींमधून सराफाच्या पायरीपर्यंत पळालो आणि परत आलो. बोटं टोकाला आदळली नाहीत. किंमत वरच्या फळीपेक्षा पुष्कळ कमी होती. तोच जोड घेतला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या फेऱ्या त्या टोळीबरोबर झाल्या. पळताना कुणी बोलत नव्हतं. चहाला मात्र सगळ्यांबरोबर उभा राहिलो.

"आज लवकर, भाऊ! कोणतं खातं?" एकाने विचारलं.

मी दैनिकाचं नाव सांगितलं.

"जपून बोला बे पोट्टेहो," सचिवालयातला एकजण म्हणाला, "उद्या छापून यीन."

सगळे हसले, मीही हसलो. सरकारी क्वार्टरच्या वाटपावर चाललेलं बोलणं क्रिकेटवर गेलं आणि चहा संपेपर्यंत तिथेच राहिलं. मैदानाच्या पलीकडच्या कडेने काका चालत होते. ग्लास ठेवून मी वळलो, तेव्हा ते मागच्या फाटकाने निघून गेले होते.

तिसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीत त्यांच्याजवळ वेग कमी केला.

"काहून? पाय दुखून राहिला?"

"नाही."

"बूट लागते?"

"नाही, काका."

"मंग पळ ना. चालाले घेतले का हे?"

त्यांनी हात मागे बांधले आणि वाट सोडून कडेला झाले. दुखतंय असं खोटं सांगून त्यांच्याबरोबर चालता आलं असतं, पण बूट त्यांनीच दाबून घेतलेले होते. मी पळालो. पुढची टोळी वळणावर होती. थोड्याच वेळात मी तिला गाठलं; मागे कडेने काका एकटेच चालत होते.