पंधराव्या दिवसाची कुस्ती

अमेरिकेत बसून जपानी कुस्तीवर मराठीत जीव टाकणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच होता, आणि आमचं नशीब असं की तो पिस्कॅटवे नावाच्या गावात नेमका आमच्या समोरच्या घरात राहायचा. बरं, कोणी तालमीतला गडी असता तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण समोरचे काका म्हणजे वजनाने सत्तेचाळीस किलो, तेही ओव्हरकोटासकट. पुलांची डिझाइनं करायचे, अंडंसुद्धा खायचे नाहीत, आणि घरात कोळी निघाला तर त्याला कागदावर घेऊन बागेत पोहोचवून यायचे. ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात, उद्या बर्फ पडणार का ते बघायला म्हणून ते टीव्हीची अँटेना फिरवत होते, तर एका खरखरत्या चॅनेलवर एक अजस्र माणूस मूठभर मीठ घेऊन हवेत उधळताना दिसला. "अगं, हे दृष्ट काढतायत! हे तर आपलेच लोक!" असं काकूंना ओरडून सांगत काका जे समोर बसले, ते पुढची काही वर्षं मनाने तरी तिथून उठले नाहीत.

ते चॅनेल लवकरच बंद पडलं. दुसरा माणूस असता तर सुटला असता. काकांनी हडसन नदीच्या काठाला एक जपानी किराणा दुकान शोधून काढलं. तिथे सामन्यांच्या कॅसेट भाड्याने मिळत, पण दोन आठवडे शिळ्या. सुमोची स्पर्धा पंधरा दिवसांची, वर्षातून सहा वेळा, आणि प्रत्येक पैलवानाची दिवसाला एकच कुस्ती. काकांचा नियम असा की आपणही रोज संध्याकाळी एकच दिवस बघायचा. पंधरा दिवसांचं पंधरा दिवसांतच. त्या काळात केस कापायचे नाहीत, खुर्ची बदलायची नाही, आणि निकालाचा वारासुद्धा कानावर येऊ द्यायचा नाही. ऑफिसात एक जपानी इंजिनियर होता, त्याने एकदा भाबडेपणाने तोंड उघडलं, तर काकांनी कानांत बोटं घालून भर मीटिंगमध्ये एकोणतीसचा पाढा सुरू केला. दुकानदाराच्या चेहऱ्यावरून काही कळायला नको म्हणून कॅसेट घेतानाही ते त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. तो बिचारा म्हातारा मागून त्यांच्या हातात पिशवी द्यायचा. मी एकदा सोबत गेले होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांची मुलगी कॉलेजात होती. ती डोक्याला हात लावून म्हणायची, "बाबा, इट्स ऑलरेडी ओव्हर! टू वीक्स अगो!"

"जपानात झालं असेल," काका शांतपणे म्हणायचे. "पिस्कॅटवेत अजून व्हायचंय."

जपानी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून सगळ्या पैलवानांचं त्यांनी बारसं करून टाकलं होतं. सतत जिंकणारा आणि त्याचं काहीच न वाटणारा महाविजेता म्हणजे जावईबापू. पंचाकडे रागाने बघणारा तो हेडमास्तर. आणि या सगळ्यांत त्यांचा जीव की प्राण कोण, तर अण्णा. अण्णा पस्तिशी उलटलेला, वरच्या गटाच्या अगदी शेपटाला लोंबकळणारा, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या बांधलेला पैलवान. रिंगणात चढतानाच तो असा चढायचा की याची शेवटची बस चुकलीय असं वाटावं. पंधरापैकी आठ कुस्त्या जिंकल्या की पैलवानाची जागा राहते, नाहीतर घसरगुंडी. अण्णा गेली तीन वर्षं दर वेळी कसेबसे आठ जिंकत होते. त्यासाठी काका संध्याकाळी टीव्हीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळायचे. हो, टीव्हीवरून! अण्णा रिंगणात बसलेले असताना पॉजचं बटण दाबून, तीन वेळा, व्यवस्थित पुटपुटत. मीठ कार्पेटमध्ये जायचं आणि काकू व्हॅक्यूम घेऊन मागे उभ्या. "अहो, त्याला दृष्ट लावणार कोण? त्याच्याकडे बघतं कोण तुमच्याशिवाय?" त्या म्हणायच्या. काका त्यावर एकदा म्हणाले होते, "म्हणूनच काढावी लागते. माझीच लागत असेल."

मग आली ती स्पर्धा. पहिल्या आठवड्यात अण्णा इतके हरले की काकांनी जेवणातून तूप बंद केलं. दुसऱ्या आठवड्यात मात्र अण्णांच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. तेराव्या दिवसाअखेर सहा विजय, सात पराभव. चौदावा दिवस बघायला काकांनी मलाही बोलावलं होतं, कारण मी सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसले की अण्णा जिंकतात असा त्यांचा शोध होता. अण्णांनी त्या दिवशी एका तरण्याबांड पोराला अक्षरशः उचलून बाहेर ठेवलं. सात-सात! काका उडी मारून उठले, "शाब्बास अण्णा!" म्हणाले, आणि छातीला हात लावून पुन्हा खाली बसले. त्यांचा चेहरा मेणासारखा झाला होता. मी फोनकडे धावले.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, तीन रक्तवाहिन्या बंद आहेत, परवा सकाळी बायपास करायची, थांबण्यात अर्थ नाही. संमतीचा कागद समोर आला. काकांनी तो पुलाचा आराखडा तपासावा तसा दोनदा वाचला आणि पेन बाजूला ठेवलं.

"पंधरावा दिवस बघून मग सही करतो," ते म्हणाले.

"बाबा, धिस इज इन्सेन!" मुलगी रडायलाच लागली.

"अगं, तुला कळत नाही. आज सात-सात आहे. अण्णा हरले तर खालच्या गटात जाणार. खालच्या गटाच्या कुस्त्या कॅसेटवर येत नाहीत. म्हणजे ते मला परत कधीच दिसायचे नाहीत. आणि उद्या-परवा माझंच काही झालं, तर मला कळणारच नाही." हे ते चेष्टेत बोलत नव्हते. इतकी वर्षं त्यांना हसणारी मी, पहिल्यांदा मला हसू आलं नाही. डॉक्टर दाक्षिणात्य, त्यांना बोलण्यातला तेवढा अण्णा कळला; त्यांनी बाहेर येऊन मला हळूच विचारलं, की हे अण्णा पेशंटचे थोरले भाऊ का. मी हो म्हणून टाकलं. समजावत कुठे बसणार?

खोलीत व्हीसीआर नव्हता, आणायची परवानगी नव्हती. घरी आल्यावर काकूंनी देवघरातला गणपती वाटीतल्या पाण्यात ठेवला आणि कॅसेट माझ्या हातात दिली. "तू आधी बघ. जिंकला असेल तर सांगून टाकू आणि सही घेऊ. मला बघवणार नाही," असं म्हणून त्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. नवऱ्यासाठी देव पाण्यात घातलेली बाई दुसऱ्या खोलीत सुमोच्या निकालाची वाट बघतेय, आणि मी काकांची ती पवित्र खुर्ची टाळून जमिनीवर बसलेय. कुस्ती चार सेकंदांची झाली. अण्णांचा डावा गुडघा दुमडला आणि ते रिंगणाबाहेर कोसळले, संपलं. दोन आठवड्यांपूर्वीच संपलं होतं, मला माहीत होतं ते. तरी मी रिवाइंड करून पुन्हा बघितलं, जसं काही दुसऱ्यांदा गुडघा टिकेल.

काकूंनी माझं तोंड बघितलं आणि कॅसेट काढून कपाटात ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलात जाऊन त्या कॉटशेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कॅसेट मी कपाटात कुलूपबंद केलीय. कोणी बघितलेली नाही. ऑपरेशन करून घरी या आणि बघा. तुमच्याशिवाय कुलूप उघडायचं नाही." इतकं सफाईदार खोटं मी काकूंच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं. काकांनी आधी काकूंकडे, मग माझ्याकडे बघितलं. "बरं, विचार करतो," एवढंच म्हणाले. संध्याकाळी आम्ही परत गेलो तर कागदावर सही तयार होती. आपली युक्ती लागू पडली म्हणून काकूंना गाडीत बसल्यावर जे रडू फुटलं, ते घर येईपर्यंत थांबलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. दीड महिन्यानंतर, आधीच हडकुळे त्यात आणखी वाळलेले काका, छातीशी उशी धरून त्यांच्या खुर्चीत बसले. काकूंनी समारंभाने कुलूप उघडलं. त्या जन्मात पहिल्यांदा सुमो बघायला त्यांच्या शेजारी बसल्या, आणि मी डाव्या कोपऱ्यात, नजर कुठे ठेवावी ते न कळून. काकांनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, पॉज सोडला. "अण्णा, सोडू नका! धरा, धरा पट्टा!" ते क्षीण आवाजात ओरडले. चार सेकंद. मग काका म्हणाले, "अरेरे." काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला होता. "जाऊ दे हो," त्या म्हणाल्या, "खूप केलं त्यांनी." काकांनी मान डोलावली आणि चहा मागितला. हृदयावर काही परिणाम झाला नाही म्हणून आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात सुटकेचा निःश्वास सोडला.

कॅसेट परत करायला मीच गेले. म्हाताऱ्या दुकानदाराने पिशवी घेतली आणि काका कसे आहेत ते विचारलं. बरे आहेत म्हटल्यावर त्याने हात जोडल्यासारखं केलं. मग तुटक्या इंग्रजीत तो सांगू लागला, की ऑपरेशनच्या आदल्या दुपारी काकांनी हॉस्पिटलातून फोन केला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, स्वतःहून, गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या त्या पैलवानाचा निकाल विचारायला. म्हाताऱ्याने घाबरत घाबरत सांगितलं, हरले. मग काकांनी विचारलं, "पडल्यावर उठले ना? स्वतःचे स्वतः?"

"मी म्हटलं, हो. कोणी हात दिला नाही. उठले, रिंगणात परत आले, वाकून नमस्कार केला आणि चालत गेले," म्हातारा म्हणाला. "तुमचे अंकल म्हणाले, मग ठीक आहे. मग मी पण सही करतो."

मी गाडीत येऊन बसले आणि किल्ली लावायचं विसरून गेले. म्हणजे त्या दिवशी खुर्चीत बसून ते जे ओरडले, ते सगळं माहीत असून. काकूंनी एवढं जपून आणलेलं खोटं वाया जाऊ नये म्हणून.

काका त्यानंतर पुष्कळ जगले. मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि काकूंना अजूनही सांगितलेलं नाही. त्या आजही येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगतात, "यांना मी एकदाच फसवलं हो आयुष्यात, पण जीव वाचला." मी बाजूला बसून हो ला हो करते.