पुढचे शॉकअप

राजूरला आमच्या गल्लीत एक काका राहतात. कुणाचीही मोटारसायकल उभी दिसली की ते हँडल दाबून बघतात आणि हँडल परत वर येईपर्यंत बोलत नाहीत. मग म्हणतात, “पुढनं लई कडक हाय.” स्वतःच्या जुन्या गाडीला त्यांनी भारी गाडीचे शॉकअप बसवले आहेत. मला या तपासणीचा कंटाळा यायचा, म्हणून मी माझी गाडी लांब लावायचो.

माझे वडील, आबा, गेले तेव्हा त्यांना घाटावरच्या गावी न्यायला पिकअप आली. काकांनी आबांना हात जोडले. मग पिकअपचं बॉनेट दाबून पाहिलं आणि पुढच्या चाकांतली थोडी हवा सोडायला खाली बसले.

ड्रायव्हर म्हणाला, “काका, मयत हाय. त्यांना आता काय कळतंय?”

“आबांची कंबर दुखती,” काका म्हणाले. “घाटात हळू घे.”

ड्रायव्हरने हळू घेतली. मी आबांच्या उशाशी बसलो होतो. त्यांचं डोकं फारसं हललं नाही.

हल्ली मी गाडी काकांच्या दारासमोरच लावतो. ते हँडल दाबतात, आणि ते वर येईपर्यंत मीही थांबतो.