साटंलोटं

माझी बायको मोहिनी स्वयंपाकात जेमतेम, भांडणात पटाईत आणि सोल्डरिंगमध्ये अख्ख्या पेठेत तिला तोड नाही. चारचौघांत मी फक्त तिसरी गोष्ट सांगतो.

मंचरला दादाभाऊंचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथं बटाट्याचं बेणं असतं. आतलं तापमान त्यांना मोबाईलवर हवं होतं. पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक आणि थंडाव्याचं जुनं मशीन यांना एकमेकांशी बोलतं करणारा बोर्ड मोहिनीनं स्वतः आखून बनवला. डिप्लोमा झाल्यापासून तिला तेच करायचं होतं.

बोर्ड बसला, दिवा लागला, आकडा काही येईना. त्यांच्याकडच्या वायरमन सावळेरामनं टीएक्सची वायर टीएक्सला आणि आरएक्सची आरएक्सला जोडली होती. त्याचं काय चुकलं? माझ्या गॅरेजातही लाल वायर लालालाच जाते. पण टीएक्स म्हणजे बोलणं, आरएक्स म्हणजे ऐकणं. तोंडाला तोंड जोडलेलं आणि कानाला कान.

मोहिनीनं वायरी बदलल्या, आकडा आला. दादाभाऊ मात्र मान हलवत म्हणाले, "तुमी हाय तवर ठीक. उद्या ह्या सावळेरामनं काढून परत बसवलं तर? ह्याला एकट्याला जमलं तरच घेतो, न्हाईतर पुण्यावरनं तयार आणतो."

घरी ती चिडली ती बोर्डवर, सावळेरामवर नाही. याचा मला फार अभिमान वाटला. भाजी चिरता चिरता तिनं सगळं माझ्या आईला सांगितलं. याचं बोलणं त्याच्या कानात, त्याचं याच्या कानात.

"मंग साटंलोटं म्हण की," आई म्हणाली. "आपली पोर त्यांच्या घरात, त्यांची आपल्या घरात."

मोहिनीचा विळीवरचा हात थांबला. भाजी त्या दिवशी मीच केली.

नव्या बोर्डवर वायरींच्या जागी मराठीत 'बोल' आणि 'ऐक' छापलं होतं, मध्ये फुलीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा आणि वर ठळक 'साटंलोटं'. बसवायच्या दिवशी ती मुद्दाम गेटबाहेर थांबली. सावळेरामनं वाचलं, हसला आणि कुणाला न विचारता वायरी तिरक्या जोडल्या. दादाभाऊंच्या मोबाईलवर तीन अंश उमटले.

"लई बेस," दादाभाऊ म्हणाले. "समद्या खोल्यांना करा."

एक बोर्ड आमच्या घरी असतो. पाहुणे आले की आई तो हातात देते. "माझ्या सुनेनं केलाय."

आणि मोहिनी आतून म्हणते, "त्यावरचा शब्द सासूबाईंचा हाय."