झोप न लागलेला सिनेमा

सिनेमाचे पुरस्कार जाहीर होण्याआधी आमच्या घरात दरवर्षी सर्वोत्तम सिनेमासाठी मतदान होतं आणि त्यावरून कडाक्याची भांडणं होतात. माझी आत्या पहाटेपासून बेकरीत भट्टीपाशी उभी असायची, त्यामुळे थिएटरात अंधार झाला की तिचा डोळा लागायचा. तरी मत द्यायला ती पुढे. ज्या सिनेमात गाढ झोप लागली, तो सर्वोत्तम. आम्ही अभिनय, संवाद, कॅमेरा सांगून घसा कोरडा करायचो. ती म्हणायची, "असेल बाबा, पण मला मध्येच जाग आली." मी दात-ओठ खायचो. तिचे यजमान मात्र तिच्याच बाजूने हात वर करायचे. सिनेमा सुटला की ते उजवा खांदा चोळत बाहेर यायचे.

ते गेले, त्या वर्षी आम्ही आत्याला बळेच सगळ्यात गाजलेल्या सिनेमाला नेलं. मी मुद्दाम तिच्या शेजारी बसलो. ती शेवटपर्यंत टक्क जागी होती.

घरी मतदानाच्या वेळी ती म्हणाली, "अगदीच बंडल. साधी डुलकीसुद्धा लागली नाही."

मला तो सिनेमा फार आवडला होता. तरी मी त्याच्या विरोधात मत दिलं.