एका मिनिटाचा ठेका

कौसामावशी गेल्याचा फोन आला तवा मी नांदगाव पेठच्या कपड्याच्या कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत, आमच्या सुपरवायझरची नक्कल करून राहिलो होतो. सारे पोट्टे पोट धरून हासत होते. फोनवर मावशीची पोरगी रंजू. "दादा, माय गेली," येवढंच म्हणली. सकाळी चहा मांडता मांडता मावशी खाली बसली ते उठलीच नाई... मी फोन ठेवला तरी पोट्टे हासतच होते. त्याईले वाटलं, माहा तो चेहरा बी नक्कलच आहे.

मावशी सख्खी नव्हती, आमच्या भिंतीले भिंत लागून तिचं घर. बडनेरा आन अकोल्याच्या मधात आमचं गाव, आन गावाले गाडीचं एक लहानसं हाल्ट. मावशी सांबार म्हंजे कोथिंबीर, पालक, वांगे टोपल्याईत भरे आन सकाळच्या पॅसेंजरनं अकोल्याच्या बाजारात ने. त्याच भाजीवर तिनं रंजूले नर्सिंगले घातलं. संध्याकाळी मात्र बाई निराळीच. विहारातल्या गाण्याच्या मंडळात ढोलकी वाजवे, आन एखादीचा ताल सुटला का वाजवता वाजवताच म्हणे, "काऊन वं, जेवून नाई आली का?"

मागच्या वर्षी, मी अजून गावातच होतो तवा, आमची पॅसेंजर सरकारनं एका खासगी कंपनीले चालवाले देल्ली. रूळ सरकारचे, तिकिटाचा भाव सरकारचा, गाडी आन माणसं कंपनीची. गाडीले उशीर झाला का कंपनीचे पैसे कापणार, असा करार. मी मोठ्या ऐटीत मावशीले बातमी देल्ली, का गाडी ठेक्यावर गेली. ती पालकाच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणे, "बरं झालं बाप्पा. आतापर्यंत बेतालच चालत होती." आता ती खरंच ढोलकीचा ठेका समजली, का मलेच बनवून गेली... हे मले आजवर उमगलं नाई.

पण पहिल्याच दिवशी हासणं बंद झालं. जुना गार्ड मावशीचं शेवटचं टोपलं चढल्याशिवाय झेंडी दाखवत नव्हता. नवी गाडी एक मिनिट थांबली आन निघाली. मावशी आत, तिचे दोन टोपले खाली. बाकी भाजीवाल्या बायाईचंही तसंच. सांबार दुपारपर्यंत मान टाकते, आन ऑटो करून न्यावं तर भाजीपेक्षा भाडं जास्त. असंच चालत राह्यलं असतं तर रंजूचं नर्सिंग तिथंच थांबलं असतं.

मंग कंपनीचे एक साहेब गावात आले. माणूस गोड होता. त्याईनं लय समजावून सांगतलं, का थांबा एका मिनिटाचाच आहे, करारात तसंच लिवलं आहे, त्याईच्या हातात काई नाई. "मला तुमची अडचण अगदी समजते हो," हे त्याईचं वाक्य. ते वाक्य मी त्याईच्याच आवाजात गावभर वाजवत फिरलो. सारे हासले, मावशी नाई हासली. म्हणे, "एक मिनिट म्हंजे किती मोठं असते रे? ढोलकीवर मोजून पाहू."

त्याच संध्याकाळी विहाराच्या अंगणात तिनं साऱ्या बायाईची रांग लावली. 'धा'वर टोपलं घ्याचं, 'धिन'वर पुढं द्याचं. मले म्हणे, "तू लय आवाज काढतं ना, तू गाडी हो." झालो मी गाडी. ब्रेक, शिट्टी, "यात्रीगण कृपया ध्यान दें", सारं तोंडानं. दोनदा मुद्दाम लवकर सुटलो, तर मावशीनं रिकामं टोपलं माह्या डोक्यात घातलं आन मले इचारलं, का गाडी होऊन टवाळी करतं का.

काई दिवसांत टोपले असे सरकाले लागले, जसे त्याईले चाकं लावले. मावशी फलाटावर टोपल्याच्या काठावर ताल धरे आन माल हातोहात डब्यात. एका सकाळी सारे टोपले चढले, मावशी चढली, आन गाडी अजून उभीच. दारात कंपनीचा गार्ड, माह्याच वयाचा पोट्टा, शिट्टी तोंडात धरून. मावशी त्याले म्हणे, "वाजव ना बाप्पा. तुह्या ठेक्यापरीस आमचा ठेका जलद आहे."

तो हासला नाई. नोकरी नवी, उशीर झाला का आधी त्यालेच बोलणे बसत... मावशीलेच त्याची दया आली. तवापासून ती त्याच्यासाठी एक काकडी वेगळी राखे.

मावशीच्या जलदान विधीले मी गावी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी रंजूसोबत हाल्टवर गेलो. तोडलेली भाजी कोणाच्या दुःखासाठी थांबत नाई, रंजूनं मायचे टोपले भरले होते. गाडी आली. रांग लागली, पण ताल धरणारं कोणी नव्हतं. एकीचा हात पुढं तर दुसरीचा मागं. एक टोपलं सुटलं, वांगे फलाटभर झाले. बायाईनं एकमेकीकडं पाह्यलं, आन मंग माह्याकडं. मी खाली वाकून वांगे येचाले लागलो.

तेवढ्यात वरून आलं... ठक. ठक. दारातला तो गार्ड डब्याच्या पत्र्यावर बोटं वाजवून राहिला होता. धा, धिन. धा, धिन. बायाईचे हात हालले. टोपले सरकले. रंजूचं शेवटचं टोपलं चढलं, रंजू चढली, मी चढलो, तरी तो वाजवतच होता.

त्या दिवशी गाडी किती उशिरा सुटली, कोणाले माहीत. ज्या हाताले त्याची घडी बांधली होती, त्याच हातानं तो ताल देत होता.