सोनेरी पत्रिका

मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी धाकट्या बहिणीच्या लग्नपत्रिका छापायला मी सांगलीतल्या एका छापखान्यात गेलो होतो. तिथं जतकडची एक म्हातारी बाकावर बसली होती. सोबत पलटणीतून रजेवर आलेला मुलगा होता. त्याच्याही बहिणीचं लग्न ठरलं होतं.

नमुन्यांतली सोनेरी गणपतीची पत्रिका महाग होती, म्हणून ती थोड्याच जणांना जायची होती. मुलगा म्हणाला, "ही इस्लामपूरच्या शिकलेल्या पाव्हण्यांस्नी. बाकीच्यांस्नी साधी. मामांस्नी तोंडी सांगू, त्यांस्नी कुठं वाचाय येतंय?"

मामा म्हणजे तिचे भाऊ, मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारे. पदराला हात पुसून म्हातारीनं ती पत्रिका उचलली आणि गणपतीवरून अंगठा हळूच फिरवला.

"पाव्हणं वाचतील आन ठिवून देतील," ती म्हणाली. "माज्या भावांस्नी वाचाय येत न्हाई, म्हणून तर बगाय चांगली पायजे. आजवर त्यांच्या नावानं कुणी पत्रिका धाडली न्हाई."

मुलानं मान खाली घातली. मग तो छापखान्याच्या मालकांना म्हणाला, "सोनेरी मामांस्नी. आन निमंत्रकांत त्यांचीबी नावं घाला."

माझं काम आटोपलं होतं, तरी मी थांबलो. म्हातारी उठून टेबलापाशी गेली. थोरल्यापासून सुरुवात करून तिनं चारही भावांची नावं सावकाश सांगितली, आणि प्रत्येक नावाला मालकांना थांबवून म्हणाली, "आदी श्री ल्हिवा."