विहिरीतली काळी पूड

"विष नाही, औषध ओतलंय मी," दादा म्हणाला. वहिनी म्हणाली, मग आधी तुम्हीच प्या.

परसातल्या विहिरीवरून सकाळपासून हेच चाललं होतं. शेजारच्या बंद रंगकारखान्याने तिचं पाणी कधीच नासवलं होतं. आम्ही अंगणातल्या बोअरचं प्यायचो. माझा हा थोरला भाऊ त्याच कारखान्याची जमीन साफ करणाऱ्या पंपावर कामाला. लोखंडाची पूड, पिठाहून कितीतरी बारीक, पाण्यात कालवून भोक पाडून जमिनीत दाबायची; ती मातीतून झिरपत जाऊन विष मारते. पुढच्या भोकापर्यंत पोहोचली का, हे बघायला ही माणसं दोरीला चुंबक बांधून खाली सोडतात. लोकांच्या खिशात पेन असतं, तसा दादाच्या खिशात चुंबक. सांडलेलं पुसल्याशिवाय पुढे न सरकणारा माणूस, पण पुडीचा एक उरलेला डबा त्याने कुणाला न विचारता आणला आणि विहिरीत रिकामा केला.

आठवड्याभरात वास गेला. पाणी इतकं नितळ झालं की तळाची दगड-माती दिसू लागली. मात्र बेडूक गप्प झाले. कडेचं शेवाळ गळून पडलं. चिमण्या कठड्यावर बसायच्या, वाकून बघायच्या आणि न पिताच उडून जायच्या. आई खूश होती. वहिनीने आपल्या लहान पोरीला परसात जायची बंदी केली.

शेवटी दादाने सगळ्यांदेखत चुंबक विहिरीत सोडला. वर आला तो स्वच्छ.

"बघ. काही राहिलं नाही त्यात."

"मग गेलं कुठे?" वहिनीने विचारलं.

दादा स्वयंपाकघरात गेला. बोअरचं पिण्याचं पाणी भरलेल्या पिंपात त्याने चुंबक बुडवला. काढला तेव्हा त्याला काळी लव फुटली होती, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या अंगावर असते तशी. पोरगी नुकतीच पाणी पिऊन बाहीला तोंड पुसत उभी होती. दादाने चुंबक पुसला आणि तिच्या बाहीजवळ नेला. ओलं कापड अलगद उचललं गेलं आणि चुंबकाला चिकटलं.

मग आई हळू आवाजात म्हणाली, पिंप ओतून टाक, कुणाला कळतंय; नोकरी गेली तर खाणार काय? गल्लीतली सगळीच घरं बोअरवर आहेत, एवढंच वहिनी बोलली.

दादाने पिंपावर झाकण ठेवलं.

"घरात कुणी या पाण्याला हात लावायचा नाही. मी साहेबांकडे जातोय. डबा मी आणला, मीच ओतला, असं सांगणार आहे. येताना गल्लीत घरोघरी सांगून येईन."